मधल्या टाक्यापर्यंत

गुफराननं फरशीवर चुन्याचा चौथा गोल काढला, उठून कमरेवर हात ठेवले आणि वळून बघतो तर आई दारात उभी. किती वेळची उभी होती कोण जाणे. चपला बाहेर काढून यायची जरीनाची सवय तीस वर्षांची, त्यामुळं ती आली की पावलांचा आवाज म्हणून यायचाच नाही.

“आत येऊ का रे? का माझ्या पायांनी तुझा चुना पुसंल?”

“ये की, अम्मी. तुझाच गोल बघायला बोलावणार होतो. तो बघ, खिडकीपाशी.”

जरीना आत आली. केजमध्ये धारूर रस्त्याला असलेल्या ह्या पत्र्याच्या शेडला कारखाना म्हणायचं, हे तिच्या नवऱ्यानं, नबी पिंजाऱ्यानं, चाळीस वर्षांपूर्वी ठरवलं आणि नाही म्हणायची तेव्हापासून कुणाची छाती झाली नाही. मागच्या खोलीत कापूस पिंजायची मशीन आणि पुढं गाद्या-रजया शिवायची मोकळी जागा, एवढाच तो कारखाना. एप्रिलपासून बंद. जून उजाडला, जिल्ह्यातले कोरोनाचे निर्बंध उठले, बाजारपेठेत शटर वर जाऊ लागली, आणि नबीच्या धाकट्या पोरानं चाकणहून शिकून आणलेली अक्कल फरशीवर काढायला घेतली. तिकडं एका कंपनीत कामगारांच्या सुरक्षेचं खातं तो बघत होता. त्यामुळं भाषण न करता चुना टाकणं त्याला जमणारं नव्हतंच.

“इथून तो गोल सात फूट,” तो सांगू लागला, “आणि लांबीकडून आठ. नेहमीची रजई पाच बाय सातची, त्यात काही जमत नाही. म्हणून मी ठरवलंय, कारखान्यात फक्त डबलच्या रजया शिवायच्या. लहान काम बायकांनी घरी न्यायचं. डबलला चार कोपऱ्यांवर चौघी बसल्या तरी कुणाचा श्वास कुणाला लागत नाही. खिडक्या दोन्ही उघड्या. नियमांच्या पहिल्या कागदात मी साठीवरच्या सगळ्यांची नावं काढून टाकली होती, अम्मी. तुझंसुद्धा.”

“आन मग?”

“मग तुझं तोंड आठवलं.”

जरीना हसली. ह्या पोराला कौतुक करता येत नव्हतं, त्याच्या बापालाही कधी आलं नाही. ती खिडकीजवळच्या गोलात गेली आणि गुडघ्यावर हात टेकून हळूच खाली बसली. फरशी गार होती. दोन महिने ती घरातल्या घरात फिरत होती, स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून स्वयंपाकघरात, आणि तिला ज्याची भूक लागली होती ते हे होतं. समोरच्या कोपऱ्यात सारजाबाई, डावीकडं वच्छलाबाई, उजवीकडं खैरू. तीस वर्षं ह्या चौघींनी तालुक्यातल्या निम्म्या लग्नांच्या रजया शिवल्या होत्या. त्यातली खैरू, नबीची विधवा बहीण, एप्रिलमध्ये अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेली ती परत आली नाही. तिच्या जागी आता जरीनाच्या थोरल्या पोराची बायको बसणार होती, रुबीना.

बसल्या बसल्या जरीनाचा हात आपोआप हलला. काठाला पहिला टाका. मग दुसरा. मनातल्या मनात ती कोपऱ्यातून आत सरकू लागली, आणि सरकता सरकता थांबली.

पोराचं चुकलं होतं.

रजई काही कोपऱ्यात बसून संपत नाही. काठाची एक चौकट झाली की शिवलेल्या भागावर सरकून बसायचं आणि आतली चौकट घ्यायची, मग त्याच्या आतली. सकाळी चौघी चार दिशांना असतात; दुपारच्या चहाला एकमेकींच्या हाताशी येतात; चार वाजता रजईच्या मध्यावर आठ गुडघे एकमेकांना टेकतात आणि चार डोकी एकत्र येतात. अख्ख्या दिवसातलं खरं बोलणं व्हायचं ते तिथं. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या पोटात गाठ आहे, कुणाचा नवरा स्वप्नात आला. ते कोपऱ्यातून ओरडून सांगायचं नसतं.

गुफरानला हे कुठून कळणार? पिंजाऱ्याची पोरं मशीनपाशी वाढतात. डबा द्यायला यायचा तो शाळेच्या आधी दहाला, तेव्हा चौघी चार कोपऱ्यांत. चार वाजता तो वर्गात. थोरला अश्फाक बाजारपेठेतल्या दुकानात. आणि नबीची तर रीतच होती, बायका कामाला बसल्या की मालकानं पुढच्या भागात उगाच डोकवायचं नाही. ह्या घरातल्या एकाही पुरुषानं रजईचा मध्य शिवताना बघितला नव्हता.

“कशी वाटते जागा?” गुफराननं विचारलं.

सांगावं, असं तिला वाटलं. पण समोर सात फुटांवर सारजाचा गोल होता.

“चांगली हाय,” ती म्हणाली. “हवा लागते.”

*

दुपारी अंगणात बैठक बसली. खुर्च्याही गुफराननंच मोजून मांडल्या होत्या, त्यामुळं एकमेकांशी बोलायचं तर थोडं ओरडूनच बोलावं लागत होतं. घरात एरवी दखनी उर्दू चालायची, पण सारजाबाई आणि वच्छलाबाई आल्या होत्या म्हणून सगळे मराठीत बोलत होते. कारखान्याची भाषा मराठीच.

सारजाबाई गल्लीच्या तोंडापासून आली होती, पन्नास पावलांवरून, आणि तेवढ्यात दोनदा थांबली होती. एप्रिलमध्ये अकरा दिवस ती ऑक्सिजनवर होती. अंगावरचं लुगडं आता दुसऱ्या कुणाचं असावं तसं लोंबत होतं. खुर्चीवर बसून तिनं आधी दम घेतला, मग जरीनाकडं बघून डोळे मिचकावले.

“सुरू कर बे, कलेक्टर,” नबी पोराला म्हणाला.

गुफराननं कागद उघडला. “दारात ताप बघायचा. नळावर साबण. प्रत्येकीची सुई, कात्री, पाण्याची बाटली वेगळी. दोरा दातानं तोडायचा नाही—”

“अगं बाई!” वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला. “दातानं न्हाई तर मग मला देवानं दात दिलेत कशाला?”

“आन सुई ओवताना दोरा ओठानं ओला करायचा न्हाई. भाकरी थापताना ठेवतो तशी पाण्याची वाटी जवळ ठेवायची. घरात कुणाला ताप असला तर यायचं न्हाई, त्या दिवसाचा रोज आपण देऊ.” वाचता वाचता गुफरानचं पुस्तकी मराठी गळून पडलं होतं. आईला ते बरं वाटलं.

अश्फाक इतका वेळ मोबाइलवर होता. तो चाळिशीचा, अंगानं बापावर गेलेला, आणि एप्रिलपासून धाकट्या भावाशी कामापुरतं बोलणारा. “घाटनांदूरच्या पार्टीला जुलैच्या आत आठ रजया द्यायच्या हायत,” तो म्हणाला. “लग्न ठरलंय, पन्नास माणसांत करणार हायत. ह्या वाट्या आन बाटल्या मोजत बसलो तर रजया पोचतील नवरीच्या पोराच्या बारशाला.”

“घाईच करायची तर जानेवारीत केली होती तशी करू, भाईजान.”

जानेवारीत अश्फाकनं कारखाना उघडला होता. आजार संपला असं सगळा गाव म्हणत होता, लग्नाच्या ऑर्डरी होत्या, त्यानं कुलूप काढलं आणि बायका होत्या तशा येऊन बसल्या. मार्चच्या शेवटी खैरूला, ह्या दोघांच्या फुफीला, ताप आला.

“बोल की,” अश्फाक उठला. “थांबलास कावून? फुफीला मी मारलं म्हण. दोन महिने तोंडात घेऊन फिरतोयस, आज थुंकून टाक.”

“मी तसं म्हणलो न्हाई.”

“मग कसं म्हणलास?”

“बस खाली!” नबीनं काठी आपटली, पण काठीत जोर नव्हता. बहीण गेल्यापासून त्याचा आवाजच घरात लहान झाला होता. कुणाची बाजू घ्यावी ते न कळून तो एकदा ह्या पोराकडं, एकदा त्या पोराकडं बघत राहिला.

आणि मग बोलली रुबीना. सासऱ्यासमोर ही सून कधी मोठ्यानं बोलत नसे. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ओढणी कानामागं घट्ट खोचून. “कुलूप ह्यांनी काढलं, पण गेलतो आपण सगळे. मी गेलते. फुफी आपल्या पायानं, गाणं म्हणत गेलत्या. तुमीबी फोनवर म्हणलातच, गुफरानभाई, बरं झालं उघडलं म्हणून. तवा कुणी न्हाई म्हणलं न्हाई. आता एकट्याच्या डोक्यावर कावून?”

गुफराननं मान खाली घातली. खरं होतं ते. त्यानं फोनवर तसं म्हटलं होतं, आणि चाकणला बसून तो दुसऱ्यांच्या कारखान्यांत गोल काढत होता तेव्हा आपल्या घरच्या कारखान्यात किती जणी बसतात हे त्यानं विचारलंही नव्हतं. त्याच्या कागदातला अर्धा चुना त्या लाजेचा होता, हे जरीनाला माहीत होतं. आईपासून काय लपतं?

“चुकलं, भाईजान,” तो म्हणाला.

अश्फाक बसला. बसताना त्यानं खुर्ची जरा पुढं ओढली, धाकट्याच्या दिशेनं. मोजलेलं अंतर मोडलं ते कुणी बोलून दाखवलं नाही.

“माझं एक विचारायचं हाय,” सारजाबाई म्हणाली. तिचा आवाज आधी घोगरा होता, आता नुसताच हवेचा झाला होता. “गावात बोलत्यात, साठीवरच्यांना कामावर घ्यायचं न्हाई. खरं हाय का? मला एकसष्ट चालू हाय. खोटं वय सांगावं तर नबीभाईंनी माझं लगीन बघितलंय.”

गुफराननं मग डबलच्या रजयांचं सांगितलं. सात फूट, आठ फूट, उघड्या खिडक्या. तो सांगत गेला तसा सारजाबाईचा चेहरा उघडत गेला. शेवटी तिनं पदर तोंडाला लावला.

“म्हंजी मी यायचं?”

“यायचं, मावशी. तुमचा गोल काढून ठेवलाय.”

“दोन महिने भिंतीशी बोलते रे मी,” सारजाबाई म्हणाली. “पोरगं तिकडं पुण्याला. भाकरी एकीची थापायची, खायची, आन परत भिंत. भिंतीला बी आता माझ्या गोष्टी पाठ झाल्या असतील. भाभी! सोमवारी खिडकीची जागा माझी, आधीच सांगून ठेवते.”

“घे की,” जरीना म्हणाली. तिला आपलाच आवाज परका वाटला.

“मग सोमवारी बिस्मिल्ला,” नबी म्हणाला. अश्फाकनं मान डोलावली, घाटनांदूरला फोन लावतो म्हणाला, आणि धाकट्याला विचारलं, “तापाची ती बंदूक कुठं मिळते रे? मी आणतो.” एप्रिलपासून पहिल्यांदा त्यानं गुफरानला काही विचारलं होतं. वच्छलाबाई सोमवारी काय काय सांगायचंय ते आत्ताच सांगू लागल्या. खैरू गेल्यापासून ह्या अंगणात एवढे आवाज एका वेळी झाले नव्हते.

जरीना चहा टाकायच्या निमित्तानं उठली.

*

गॅसपाशी रुबीना आधीच होती. पातेल्यात साखर टाकली, परत टाकली, आणि मग दोन्ही वेळा टाकली हे लक्षात येऊन थांबली.

“अम्मी,” ती हळूच म्हणाली, “चार वाजता काय व्हईल?”

जरीनानं तिच्याकडं बघितलं. चौघींतली एखादी आली नाही की तिच्या जागी बसून रुबीनानं दोन वर्षं रजया शिवल्या होत्या. तिला माहीत असणारच.

“तुमी बोलला न्हाईत तर मीबी बोलणार न्हाई,” रुबीना म्हणाली. “मलाबी जायचंय हो. ह्या घरात पाच माणसं हायत आन पाचजणं पाच खोल्यांत. तिथं मी तुमच्या तोंडून हसणं ऐकते. हितं कधी ऐकलंय?”

जरीनानं गॅस बारीक केला. मोह म्हणजे काय ते तिला त्या क्षणी नीट कळलं. नुसतं गप्प बसायचं होतं. खोटं बोलायची सुद्धा गरज नव्हती. पोरगा समाधानी, थोरला हलका झालेला, नवरा काठी टेकून हसत बसलेला, आणि सोमवारी चार वाजता सारजाचा हाडकुळा गुडघा आपल्या गुडघ्याला लागणार. अल्लाहकडं तिनं दोन महिने दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि त्यानं दिलं होतं, पोराच्या चुकीतून का होईना.

पण तिला ती लाल रजई आठवली. मार्चमधली, शेवटची. मध्यावर आल्या होत्या चौघी. चौघींत डोळे शाबूत राहिले होते ते खैरूचे, म्हणून सगळ्यांच्या सुया तीच ओवून द्यायची, दोरा ओठांत ओला करून. तिनं सारजाला सुई दिली आणि खोकली. मग परत खोकली. ‘कापूस गेला गं घशात’ म्हणाली. तिघींनी मान डोलावली. कापसाच्या धंद्यात खोकल्याला दुसरं कारण कुणी शोधत नाही. सारजानं ती सुई घेतली, दोन बोटांनी दोरा सरळ केला आणि परत ओठांत धरला. वीस दिवसांत खैरू मातीत गेली, आणि मातीला चार परकी माणसं होती, प्लॅस्टिकच्या कपड्यांतली. जरीनानं रस्त्यावरून बघितलं होतं.

“साखर लई झाली,” ती रुबीनाला म्हणाली. “दूध वाढव.” आणि आत जाऊन पेटीवरची मोठी रजई काढली. ती अश्फाकच्या लग्नातली डबल रजई होती, शेवाळी रंगाची. छातीशी धरून ती अंगणात आणताना तिला पुढचं काही दिसत नव्हतं, सारजाचं तोंडही नाही, ते बरंच झालं.

“सरका,” ती म्हणाली. “खुर्च्या मागं घ्या.”

“हे काय काढलं आता?” नबी म्हणाला.

रजई तिनं अंगणभर अंथरली. “तुमी त्या कोपऱ्यात. अश्फाक, तू हितं. गुफरान, समोर. रुबीना, गॅस बंद करून ये, तू चौथी.”

“अम्मी, हे कशाला?”

“कलेक्टरनं विचारायचं न्हाई, बसायचं.”

नबीला खाली बसायला अश्फाकनं हात दिला. सत्तरीचा माणूस बायकांसारखा रजईच्या कोपऱ्यावर मांडी घालून बसला आणि वच्छलाबाईंना हसू आवरेना. सारजाबाई मात्र हसत नव्हती. ती खुर्चीवर पुढं झुकली होती.

“गुफरान, अंतर मोज.”

“सात फूट, अम्मी. आठ तिकडून.”

“मोजलंस. आता काठाचा टाका घातला समजा आन एक वीत आत या. असं, बसल्या बसल्या. ढुंगण उचलायचं न्हाई, रजई सरकते.”

चौघं सरकले. नबी कण्हला. “अजून एक चौकट,” जरीना म्हणाली. “अजून. वच्छला, बरोबर सांगतेय ना मी?”

“बरोबर हाय की,” वच्छलाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचंही हसू गेलं.

“अजून एक वीत.”

तिसऱ्या चौकटीला गुफराननं मान वर केली. त्याच्या तोंडावरचा रंग बदललेला जरीनाला दिसला. तरी ती थांबली नाही. तिला त्यांना शेवटपर्यंत न्यायचं होतं. नबी दमला होता, त्याचा हात रुबीनानं धरला. अश्फाकचा गुडघा गुफरानच्या गुडघ्याला लागला, मग बापाच्या. चार डोकी रजईच्या मध्यावर एका ठिकाणी आली, एवढी जवळ की एकाचा उच्छ्वास दुसऱ्याच्या गालावर जावा.

“हे चार वाजताचं हाय, बेटा,” जरीना म्हणाली. “तू दहाचं मोजलंस.”

ह्या घरातली ही चार माणसं खैरूच्या जाण्यानंतर एका चटईवर बसून जेवली नव्हती. आता ती गुडघ्याला गुडघा लावून बसली होती आणि अश्फाकनं नकळत, की कळूनच, धाकट्याच्या मांडीवर हात ठेवला होता. जरीनाचा जीव तुटला. हेच बघायला ती तरसली होती, इथंही आणि तिथंही. आणि इथं ते घडवून कारखान्यातलं तेच ती कायमचं बंद करत होती.

“फुफीला इथंच…” गुफरान म्हणाला.

“हितंच. मध्यावर. माझ्यासमोर खोकली. आमीबी कापूसच म्हणलो रे. अश्फाकनं कुलूप काढलं ते दिसलं सगळ्यांना. हे कुणालाच दिसलं न्हाई.”

अश्फाकनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते, आणि नबीनं त्याची टोपी सरळ केली, लहानपणी करायचा तशी.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सारजाबाई उठली होती.

“भाभी,” ती म्हणाली, “कावून गं?”

जरीनानं रजईचा मोकळा कोपरा दुमडून हातात घेतला.

“तू गप बसली असतीस तर सोमवारी मी आले असते. माझं मी बघितलं असतं.”

“तू मेली असतीस, सारजा.”

“आन आता मी कुठं जिती हाय?” तिनं पदर नाकावर ओढून घेतला. “तुझं घर हाय, माणसं हायत. तुला काय जातंय शहाणपण सांगायला?”

ती निघाली. दारापाशी दम घ्यायला थांबली, पण वळून बघितलं नाही. वच्छलाबाई तिच्यामागं गेल्या.

“मी मावशींशी बोलतो,” गुफरान उठू लागला.

“बस,” जरीना म्हणाली. “तुझा कागद काढ आन नवा लिही. एका रजईला एक बाई. शेडात दोन रजया, दोन कोपऱ्यांत, एकीवर वच्छला, तिला साठी अजून लांब हाय, आन दुसरीवर रुबीना. वेळ लागंल तो लागंल. अश्फाक, घाटनांदूरला फोन करून सांग, आठ न्हाई, चार मिळतील. आन साठीवरच्यांची नावं पहिल्या कागदात खोडली होतीस तशीच खोड.”

“तुझंबी, अम्मी?”

“मी काय तीस वर्षांची हाय?”

गुफराननं लिहिलं. तिचं नाव खोडताना त्याचा पेन दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळा ती बघत होती.

*

सोमवारी कारखान्यात मशीन सुरू झाली, तो घरघराट गल्लीच्या तोंडापर्यंत आला. जरीनानं पाच बाय सातची एक रजई डोक्यावर घेतली, कापूस भरून झोडून तयार केलेली, आणि सारजाबाईच्या घरासमोर गेली. गल्लीच्या ह्या बाजूला बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा ओटा होता. तिथं तिनं रजई अंथरली आणि बसली. पलीकडं सारजाच्या दारात रुबीनानं सकाळीच तशीच दुसरी रजई नेऊन टाकली होती. सारजानं ती घेतली होती, एवढं दिसत होतं. दारात बसून ती काठाचे टाके घालत होती, पाठमोरी.

जरीनानंही शिवायला घेतलं. सुई ओवायलाच तिला पाव तास लागला; दोरा बोटातून सुटायचा, आणि सवयीनं मान उजवीकडं, खैरूच्या बाजूला, वळायची. मधून एक जीप गेली, एक शेळी गेली. अकराच्या सुमाराला सारजाबाई वळून बसली. बारा वाजता तिनं पलीकडूनच ओरडून विचारलं, वच्छलाच्या नातीचं नाक टोचलं ते पिकलंय म्हणतात, खरं का. जरीनानं ओरडून सांगितलं, खरं. मग सारजानं आपल्या पुण्याच्या सुनेचं एक सांगितलं. ते सांगायला तिला तीनदा दम घ्यावा लागला, आणि गिरणीपासून पाण्याच्या टाकीपर्यंतच्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं. एकीनं खिडकीतून सल्लाही दिला.

खरं बोलणं ते नव्हतं. ते दोघींनाही माहीत होतं.

ऊन कलायला लागलं तशी जरीना मध्यावर आली. चौकट लहान लहान होत एवढीशी उरली. तिनं शेवटचा टाका घातला, गाठ मारली, दातानं तोडायला दोरा तोंडाकडं नेला आणि मग कात्री घेतली. मान वर केली तर पलीकडं सारजाचीही रजई झाली होती. दोन्ही हात मांडीत घेऊन ती एवढ्या मोठ्या रजईच्या मधोमध एकटी बसली होती, आणि तिच्या भोवती सगळीकडं जागा होती.

“भाभी,” सारजाबाई गल्लीपलीकडून म्हणाली, “मध्ये लई मोकळं हाय गं.”

“हितंबी,” जरीना म्हणाली. मशीन चालू होती, सारजानं ऐकायला कानामागं हात धरला. म्हणून जरीनाला ते आणखी एकदा, मोठ्यानं म्हणावं लागलं.